जिल्हा पानासाठी खेळाचे फोटो: आधी जागा, मग नाव, लेन्स नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: परभणीत राहणाऱ्या सदस्याला एका दैनिकाच्या जिल्हा पानासाठी खेळाचे फोटो देण्याचं काम मिळालंय. हातात एक क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा, कॅमेरा, १८-५५ आणि ५५-२५० मिमी अशा दोन किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबतच येणाऱ्या. पुढे शालेय कबड्डी, खो-खो आणि यात्रेतला कुस्तीचा फड आहे. कर्ज काढून ७०-२०० एफ/२.८ लेन्स घ्यावी का? (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त.)

आत्ता घेऊ नका. जिल्ह्याच्या पानावर येणारे खेळाचे बहुतेक फोटो दिवसाउजेडी होतात. उन्हात एफ/५.६, शटर १/१००० सेकंद आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता, फार वाढवली की फोटोत दाणे येतात) १०० ते २०० एवढ्यात काम भागतं. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी आयएसओ १६०० पर्यंत जातो, तोवर ५५-२५० पुरते. अडचण होते ती प्रकाशझोतातल्या कबड्डीत. खांबावरच्या हॅलोजन किंवा एलईडीच्या उजेडात १/८०० ठेवायचं तर एफ/२.८ वरही आयएसओ ३२०० ते ६४०० लागतो. ५५-२५० टोकाला एफ/५.६ वर उघडते, म्हणजे उजेड चौथाई. तोच फोटो तिच्यावर आयएसओ १२८०० च्या पुढे जातो आणि छापून आल्यावर खेळाडूचा चेहरा ओळखू येत नाही.

यावर स्वस्तातला उपाय म्हणजे ८५ मिमी एफ/१.८ लेन्स. क्रॉप कॅमेऱ्यावर १० मीटरवर ती साधारण पावणेतीन मीटर रुंदीची चौकट देते. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, त्यामुळे पलीकडच्या अर्ध्यातली पकड तिच्यात नीट बसते. अलीकडच्या अर्ध्यासाठी ५० एफ/१.८ आणखी स्वस्त मिळते. दोन्ही एफ/२ वर वापरा, पूर्ण उघड्यावर कडा मऊ येतात. वापरलेली लेन्स घेत असाल तर पाठीमागून मोबाइलचा टॉर्च आत मारून बुरशीचे धागे दिसतात का बघा, फोकसच्या मोटरचा आवाज ऐका, माउंटचे स्क्रू कुणी उघडलेत का तपासा. धुळीच्या मैदानांवर आणि मोटारसायकलवर फिरलेली लेन्स बाहेरून चकचकीत दिसू शकते. सव्वाशे किलोमीटरच्या खडबडीत रस्त्यात स्क्रू सैल होतात, म्हणून तुमची बॅगही डिक्कीत किंवा टाकीवर नको, पाठीवर हवी.

आता जागेचं, कारण फोटो तिथेच ठरतो.

कबड्डीत बरेच जण बाजूच्या रेषेवर उभे राहतात आणि त्यांना सगळे खेळाडू आडवेच मिळतात. तुम्ही अंतिम रेषेमागे, कोपऱ्याकडे, दीड-दोन मीटर सोडून जमिनीवर बसा. या एकाच जागेवरून दोन प्रकारचे फोटो मिळतात. चढाईपटू तुमच्या बाजूच्या अर्ध्यात शिरतो तेव्हा त्याचा चेहरा तुमच्याकडे असतो, हात बचावपटूकडे झेपावलेला असतो. चढाई पलीकडच्या अर्ध्यात असेल तर पकडीतून सुटून तो मध्यरेषेकडे, म्हणजे तुमच्याकडेच, झोकून देतो, आणि त्याच्या पायाला लोंबकळलेले तिघं-चौघं मागे दिसतात. पानावर मोठा लागणारा फोटो बहुतेक वेळा हा दुसरा असतो. चढाई ३० सेकंदांची. पहिली दहा-बारा सेकंद चढाईपटू अंदाज घेत असतो, तेव्हा बटण दाबून ठेवून कार्ड भरू नका. त्याचा पाय ‘निदान रेषा’ (मध्यरेषेनंतरची पहिली रेषा, बॉक लाइन) ओलांडून तिच्यामागच्या बोनस रेषेकडे सरकला की बोट तयार ठेवा. फ्लॅश अजिबात नको, खेळाडूच्या डोळ्यावर येतो आणि पंच बाहेर काढतात.

प्रकाशझोतात आणखी एक त्रास होतो. एकाच झपाट्यातल्या पाच फ्रेम पाच रंगांच्या येतात, एक पिवळी, एक हिरवट, एक अर्धी काळी. कॅमेरा बिघडलेला नसतो. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणून साध्या दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो आणि १/१००० ला त्यातला एखादाच तुकडा तुमच्या वाट्याला येतो. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर, म्हणजे हा फरक टाळणारी सोय, असेल तर सुरू करा. जनरेटरवर वारंवारिता हलत असल्याने तोही कधी फसतो. मग १/५०० वर या आणि प्रत्येक झटापटीच्या पाच-सहा फ्रेम घ्या, त्यातल्या दोन तरी वापरण्यासारख्या निघतात. व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणूनचं सेटिंग) ऑटोवर सोडू नका. पंचांच्या पांढऱ्या शर्टावर एकदा मोजून कायम करा.

खो-खोत मराठवाड्याची पोरं आणि पोरी देशात नाव काढणारी आहेत. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. म्हणून हा खेळ कोपऱ्यातला समजून एक फोटो काढून निघू नका. जागा एकच: एका खांबामागे, चार-पाच मीटरवर, रेषेपासून जरा बाजूला. आक्रमकाने एकदा दिशा घेतली की खांब ओलांडल्याशिवाय त्याला वळता येत नाही, त्यामुळे धावणाऱ्याचा आणि आक्रमकाचा शेवटचा झगडा खांबाशीच होतो. दोनपैकी एका खांबाशी तुम्ही बसलेले आहात, म्हणजे खांबावरच्या निम्म्या झेपा तुमच्यासमोर होणार. पलीकडच्या खांबाच्या मागे लागू नका, मैदान २७ मीटरचं आहे आणि मध्ये बसलेले आठ जण प्रत्येक फ्रेममध्ये येतात. फोकस खांबाच्या खालच्या तिसऱ्या भागावर धरून ठेवा. झेपेत आक्रमकाचा एक हात खांबाला असतो आणि अंग जमिनीला समांतर, म्हणजे चेहरा खांबाच्या पायथ्याच्या उंचीला येतो. कमरेवर फोकस धरणाऱ्याला तिथे नुसती माती मिळते. शटर १/१२५० पेक्षा खाली आणू नका, हाताची बोटं हलतात.

कुस्तीचा फड हा वेगळाच विषय आहे. माळेगावच्या खंडोबा यात्रेतला असो, लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेतला असो की गावच्या जत्रेतला, क्रम सगळीकडे सारखाच: आधी लहान पोरांच्या कुस्त्या, मग चढत्या इनामाच्या जोडी आणि शेवटी मानाची कुस्ती. पानाला लागते ती शेवटची. हिवाळ्यातल्या यात्रांत ती दिवस कलल्यावर लागते, म्हणून उजेडाचा हिशेब दुपारीच करा. पश्चिम पाठीशी ठेवून फडाच्या कडेला बसा, उतरतं ऊन पैलवानांच्या अंगावर येतं आणि मातीचा तांबूस रंग उजळतो. समोर ऊन घेऊन बसलात तर उडणारी माती सोनेरी दिसते खरी, पण चेहरे काळे पडतात आणि वर्तमानपत्राच्या कागदावर ते आणखी काळे होतात. हलगीवाल्यांच्या शेजारी बसू नका, जोड सुटली की ते आधी पुढे सरकतात. पंचांच्या नेहमीच्या फेरीचा अंदाज घ्या, नाहीतर नेमक्या क्षणी पंचांची पाठ मध्ये येते.

खडाखडी, म्हणजे हाताला हात भिडवून एकमेकांचा अंदाज घेणं, पाच-दहा मिनिटं चालते आणि निकाल एका सेकंदात लागतो. हात गळ्यात असताना फोटो काढून ठेवा, तो खात्रीचा. मग ढाक किंवा कलाजंग असा डाव लागताना १/१००० वर झपाट्याने घ्या. चितपटीच्या फोटोत दोन्ही खांदे मातीला टेकलेले आणि वरच्या पैलवानाचा चेहरा, दोन्ही दिसलं पाहिजे. त्यासाठी कॅमेरा गुडघ्याच्या उंचीला हवा. चितपट झाली की माणसं फडात धावतात, विजेत्याला खांद्यावर घेतात. तेव्हा ५५-२५० निरुपयोगी, आणि लेन्स बदलायला वेळही नसतो. बदलूही नका, त्या धुळीत सेन्सर उघडा पडला तर पुढचे सगळे फोटो ठिपक्यांचे. सरळ मोबाइल काढा, दिवसाउजेडी दोन कॉलमला तो पुरतो. कॅमेऱ्यावर मोठा पांढरा पंचा टाकायची सवय लावा, माती अडते आणि एप्रिल-मेच्या उन्हात काळी बॉडी तापत नाही.

मुलींच्या सामन्यांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. कबड्डी, खो-खो, कुस्ती या खेळांत कपडे ओढले जातात, अंगं विचित्र अवस्थेत येतात. अशी फ्रेम कितीही वेगवान दिसली तरी पाठवायची नाही, कार्डावरूनच काढून टाकायची. तो फोटो गावात मोबाइलवरून फिरतो आणि घरचे पोरीचा खेळ बंद करतात. १४ वर्षांखालच्या खेळाडूच्या रडण्याचा किंवा दुखापतीचा फोटोही तसाच टाळावा.

आता नाव. माझ्या मते जिल्ह्याच्या कामातला हा सगळ्यात मोठा भाग आहे आणि बहुतेक जण इथेच ढिले पडतात. जिल्हा पानातलं कात्रण घरात वर्षानुवर्षं जपलं जातं, आणि त्यात नाव चुकलं तर फोटो कितीही चांगला असो, त्या घरासाठी तो वाया गेला. सामना सुरू होण्याआधी गुणलेखकाकडच्या संघयादीचा मोबाइलवर फोटो घ्या. त्यात छाती क्रमांक असतात. यादी इंग्रजीत असेल तर फार सांभाळा: तीच अक्षरं काळे आणि काले, मुळे आणि मुले, ढगे आणि धागे अशी दोन्ही वाचता येतात. क्रीडाशिक्षकांना किंवा खेळाडूलाच मराठीत लिहून दाखवायला सांगा. दोन शाळांचे गणवेश एकाच रंगाचे असतात, म्हणून प्रत्येक सामन्याची पहिली फ्रेम गुणफलकाची घ्या, नंतर फोटो वेगळे करताना गोंधळ होत नाही. फोटोखालच्या ओळीत कोण, कुणाविरुद्ध, कोणत्या गटात, कुठे आणि निकाल काय, एवढं असलं की उपसंपादकाचा फोन येत नाही. कुस्तीत डावाचं नाव शेजारच्या जाणत्या पैलवानाला विचारून लिहा. अंदाजाने लिहिलेला डाव वाचक लगेच पकडतात.

बक्षीस वितरणाचा फोटो टाळता येत नाही. तो नीट काढा: खेळाडू पुढे बसलेले, पाहुणे मागे, चषक खेळाडूच्या हातात, आणि मागच्या फलकापासून सगळे दोन मीटर पुढे. फलकाला चिकटून उभे राहिले तर छापील फोटोत माणसांपेक्षा फलकावरचे चेहरे ठळक दिसतात. मात्र सोबत खेळाचा एक फोटो न मागताही पाठवा. दैनिकाच्या डेस्कला, म्हणजे पान लावणाऱ्यांना, चांगला पर्याय समोर दिसला तर बरेचदा तोच लागतो.

पाठवण्याची पद्धत: कॅमेऱ्याच्या वायफायने मोबाइलवर घ्या, कापा, लांब बाजू २००० पिक्सेलच्या आसपास ठेवा. वर्तमानपत्राला इंचाला २०० पिक्सेल पुरतात, चार कॉलमचा फोटो साधारण साडेसहा इंचांचा धरला तरी १३०० लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून टाकू नका, ‘डॉक्युमेंट’ म्हणून टाका, नाहीतर तो दाबून लहान केला जातो. मधले करडे टोन थोडे उजळ करा, कारण वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि सावलीतला सावळा चेहरा गडद जर्सीत मिसळून जातो. मुळात काढतानाच पाव-अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त उजेड घेतलेला बरा. डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी पाठवायच्या अंकाचं, पान कधी बंद होतं ते डेस्कला आधीच विचारा. अंतिम सामना रात्रीचा असेल तर पहिल्या डावाचा चांगला फोटो नावासह आधी पाठवून ठेवा, निकाल फोनवर कळवता येतो. यात्रेच्या गर्दीत नेटवर्क बसतं, तेव्हा दोन कंपन्यांची सिमकार्डं ठेवा आणि गर्दीतून बाहेर रस्त्यावर येऊन पाठवा.

पावसाळ्यात शालेय स्पर्धा सुरू असतात तेव्हा चिखल आणि दमट हवा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, घरी आल्यावर कॅमेरा बॅगेतच कोंडून ठेवू नका.

पैशाचं आधीच बोलून घ्या: फोटोमागे मानधन की महिन्याला ठरावीक, पेट्रोल कोण देणार, फोटो दुसऱ्या आवृत्तीत लागला तर काय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी नोकरीत काढलेल्या फोटोच्या प्रसिद्धीचे हक्क वेगळा करार नसेल तर मालकाकडे जातात. तुम्ही नोकरीत नाही, तेव्हा अटी लेखी घ्या, निदान ईमेलवर. आयोजकांकडून बातमी लावण्यासाठी पैसे घेऊ नका. त्यांना स्पर्धेचे फोटो हवे असतील तर ते काम वेगळं सांगा आणि डेस्कलाही कळवा.

आणि काढलेलं सगळं साठवा. वर्ष, खेळ, तालुका, नाव असे फोल्डर, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्य तर दोन वेगळ्या घरांत. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८:११.२० वेळेने रौप्य जिंकले. असा निकाल येतो त्या रात्री डेस्क त्या खेळाडूचे जुने, मातीतल्या मैदानावरचे फोटो मागतो. आज तालुका स्पर्धेत चौथी आलेली मुलगीही त्या फोल्डरात नावासह असली पाहिजे, कारण ‘डीएससी ४४७१’ अशा फाइलमधून तिला सहा वर्षांनी शोधता येत नाही.