आग लागली की मूल कुठे जातं?

सुट्टी लागली की माझ्याकडे येणारे प्रश्न ठरलेले असतात. बाहेर थंडी, खिडक्या बंद, हीटर चालू, मुलं दिवसभर घरात आणि मोठी माणसं कामावर. अग्निशमन दलात होतो तेव्हाही ही जुळणी मला कधी आवडली नाही. यंदाचे प्रश्न गेल्या वर्षीच्या प्रश्नांची सख्खी भावंडं आहेत, म्हणून एकदाच एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न : मुलांना आगीबद्दल कोणत्या वयापासून शिकवावं?

तिसऱ्या वर्षापासून. त्या वयात एकच वाक्य पुरे : काडेपेटी किंवा लायटर दिसला तर हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला येऊन सांगायचं.

प्रश्न : आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय. ओला रुमाल तोंडावर धरला की धुरात अर्धा तास काही होत नाही. मुलांना हेच शिकवलं आहे. बरोबर ना?

नाही. हा अर्धा तास कुणी मोजला, ते मला त्या संदेश पाठवणाऱ्याला एकदा विचारायचं आहे. ओल्या कापडाला थोडी काजळी अडते, वायू अडत नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस गुंगतो, झोपतो आणि उठत नाही. आगीत बहुतेक माणसं ज्वाळांच्या आधी धुरानं जातात.

मुलाला रुमाल भिजवायला न्हाणीघरात पाठवू नका. गरम धूर वर चढतो, त्यातल्या त्यात बरी हवा जमिनीलगत असते, तेव्हा रांगायला शिकवा. दोन मोठ्यांनी चादर कमरेच्या उंचीवर ताणून धरायची. हा धूर. डोकं न लावता खालून दारापर्यंत जायचं. मुलं हा खेळ स्वतःहून पुन्हा मागतात. वाटेत बंद दार लागलं तर आधी हाताच्या मागच्या बाजूनं चाचपायचं. गरम असेल तर उघडायचं नाही, दुसरी वाट धरायची.

प्रश्न : मुलांच्या खोलीत रात्रभर हीटर चालू ठेवला तर चालेल का?

नाही. झोपण्याआधी खोली गरम करा, हीटर बंद करा, पांघरूण वाढवा. चालू असताना त्याच्या भोवती 1 मीटरच्या आत काहीही नको : पडदा, पांघरूण, वाळत टाकलेले मोजे, मूल. फरशीवर खडूनं रेघ ओढा, लहान मुलाला मीटर समजत नाही, रेघ समजते. हीटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा, एक्स्टेन्शन बोर्डला कधीच नाही. 2000 वॅटचा हीटर 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो, बोर्डाची बारीक वायर तेवढ्यासाठी केलेली नसते. प्लग तपकिरी पडला असेल किंवा हाताला गरम लागत असेल तर इलेक्ट्रिशियनला आज बोलवा. ‘सुट्टी संपली की बघू’ हे वाक्य मी जळलेल्या घरांसमोर उभ्या माणसांकडून ऐकलेलं आहे.

आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी? एक मिनिटही नाही. वरच्या उत्तरातला तोच वायू.

प्रश्न : स्मोक अलार्म स्वयंपाक करताना सारखा वाजतो, म्हणून बॅटरी काढून ठेवली आहे. हरकत नाही ना?

आहे. वाचन थांबवा, आधी बॅटरी घाला, मग अलार्म शेगडीपासून लांब हलवा. महिन्यातून एकदा बटण दाबून तपासा आणि 10 वर्षांनी अख्खा अलार्म बदला. एक मात्र लक्षात ठेवा, गाढ झोपलेली लहान मुलं त्या आवाजानं बऱ्याचदा जागी होत नाहीत. कोणत्या मुलाला कोणी उचलायचं हे आजच ठरवा.

प्रश्न : माझा सहा वर्षांचा मुलगा पलंगाखाली बसून लायटरनं कागद पेटवताना सापडला. मी चांगलाच चोप दिला. आता तो लायटरकडे बघतही नाही. एवढं पुरेसं आहे का?

या प्रश्नाला मी जास्त जागा घेणार आहे, संपादकांनी सांभाळून घ्यावं.

तुम्ही मुलाला दोन गोष्टी शिकवल्यात. पहिली : लायटर वाईट. दुसरी : आग लागल्याचं बाबांना कळलं की मार बसतो. पहिली तो महिन्याभरात विसरेल, दुसरी नाही. कुतूहल मारानं मरत नाही, ते आणखी आतल्या कोपऱ्यात जाऊन बसतं. उद्या त्याच्या हातून पडदा पेटला, तर तो ओरडत तुमच्याकडे येईल? आधी खोलीचं दार लावून घेईल. मग स्वतःच विझवायला बघेल. नाही जमलं की कपाटात शिरेल.

हे मी घरी बसून रचलेलं नाही. धुरानं भरलेल्या घरात मूल शोधणारा जवान पलंगाखाली हात घालतो, कपाट उघडतो, पडद्यामागे आणि गाद्यांच्या ढिगात चाचपतो. आम्हाला प्रशिक्षणातच ते शिकवलं जातं, कारण लहान मुलं आगीपासून पळण्याऐवजी पुष्कळदा लपतात. आपण दिसेनासे झालो की संकटालाही आपण दिसत नाही, असा त्यांचा हिशेब. त्यात माराची धास्ती मिसळली की हाका मारल्या तरी ओ देत नाहीत. शिवाय आमचा अवतार बघा : हेल्मेट, तोंडावर मुखवटा, पाठीवर हवेचा सिलिंडर, श्वासाची घरघर. तसला प्राणी अंधारातून रांगत माझ्याकडे आला असता तर मीही आणखी आत सरकलो असतो.

लपायला वेळ किती असतो, तेही ऐका. फोमची गादी किंवा सिंथेटिक पडदा पेटला की गरम वायू छताखाली साठत जातात. तिथलं तापमान साधारण 600 अंश सेल्सियसच्या घरात गेलं की खोलीतल्या सगळ्या वस्तू जवळजवळ एकदमच पेट घेतात. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. आजकालच्या सामानानं भरलेल्या खोलीत तिथपर्यंत पोचायला कित्येकदा पाच मिनिटंही लागत नाहीत. त्यानंतर त्या खोलीत कुणाला शोधायचं उरत नाही. मुलानं ‘सांगू की नको’ यात घालवलेली दोन मिनिटं यातूनच वजा होतात.

तेव्हा आज रात्री त्याला जवळ घ्या आणि सांगा, ‘आग तुझ्या हातून लागली, तरी आधी ओरडत माझ्याकडे ये. मी रागावणार नाही.’ आणि मग खरोखर रागावू नका. याची परीक्षा आगीच्या दिवशी होत नसते. उद्या फुटलेल्या काचेच्या पेल्यावर, परवा सांडलेल्या दुधावर तुम्ही काय करता, त्यावरून तो ठरवणार आहे की बाबांचा शब्द खरा की खोटा.

लायटर त्याच्या हाताला लागला कसा, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. मीच विचारतो. टेबलावर होता ना? तो कुलपात जाऊ द्या. ‘मुलांना पेटवता येणार नाही’ असं लिहिलेल्या लायटरवरही भिस्त नको, चिवट मुलाला त्यानं थोडा उशीर होतो, इतकंच.

जवळच्या अग्निशमन केंद्रात फोन करून विचारा. पुष्कळ ठिकाणी मुलांना आत घेतात. जवानाचा चेहरा आधी मुखवट्याशिवाय, मग मुखवटा चढवताना बघू द्या, घरघर ऐकू द्या. नाही जमलं तर फोटो दाखवा. आणि हे आग लावणं पुन्हा घडलं, लपूनछपून घडलं, तर उशीर न करता बालमानसतज्ज्ञांना भेटा. एकदाचं कुतूहल माझ्या विषयात येतं, तीच सवय झाली तर ती त्यांच्या.

प्रश्न : आगीत फेकला की आपोआप फुटून आग विझवणारा गोळा मिळतो. जाहिरातीत लहान मुलगी तो फेकताना दाखवली आहे. मुलांच्या खोलीसाठी घ्यावा का?

जाहिरात करणाऱ्याला ती मुलगी आगीपासून किती हातांवर उभी आहे, ते विचारा. गोळा फेकायचा म्हणजे मूल आगीसमोर थांबणार, नेम धरणार, फुटण्याची वाट बघणार. आग विझवणं हे मुलाचं काम नाही. त्याची कामं दोनच : ओरडणं आणि बाहेर पडणं. त्या पैशांचा स्मोक अलार्म घ्या. मोठ्यांसाठी मान्यताप्राप्त खुणेचं, कोरड्या पावडरीचं नळकांडं घ्या आणि ते चालवायला शिका. घरगुती छोटं नळकांडं काही सेकंदांत रिकामं होतं, त्यामुळे त्यावरच्या सूचना आग लागल्यावर वाचायच्या नसतात. कोणतं, किती किलोचं आणि कुठे टांगायचं, हे अग्निशमन केंद्राला विचारून ठरवा, विक्रेत्याला विचारून नको.

प्रश्न : तव्यातल्या तेलानं पेट घेतला तर बारा वर्षांच्या मुलीनं काय करावं?

बाहेर पडून मोठ्यांना हाक मारावी. पाणी ओतायचं नाही, हे तिच्याकडून पाठ करून घ्या. तापलेल्या तेलाखाली गेलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, ती पाण्याच्या सुमारे 1700 पट जागा मागते आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करणं, झाकण सरकवणं हे मोठ्यांनी बघायचं.

प्रश्न : भाजल्यावर टूथपेस्ट लावली तर फोड येत नाही, असं शेजारच्या बाई सांगतात.

शेजारच्या बाईंना माझा नमस्कार सांगा आणि टूथपेस्ट दातांसाठी ठेवा. भाजलेला भाग लगेच वाहत्या साध्या गार पाण्याखाली 20 मिनिटं धरा, घड्याळ लावून. बर्फ नको, लोणी नको, पेस्ट नको. अंगठी, बांगडी सूज येण्याआधी काढा, पण कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. उरलेलं अंग उबदार ठेवा, थंडीत तान्हं मूल लवकर गारठतं. मग स्वच्छ कापडानं सैल झाका. भाजलेला भाग मुलाच्या तळहाताहून मोठा असेल, चेहरा, हात, सांधा किंवा जननेंद्रिय भाजलं असेल, फोड आले असतील, विजेनं भाजलं असेल किंवा धूर छातीत गेला असेल, तर डॉक्टरांकडे जा. तान्ह्या मुलाला कितीही थोडं भाजलं तरी जा.

कपड्यांनीच पेट घेतला तर पळायचं नाही. थांबायचं, खाली पडायचं, तोंड हातांनी झाकून लोळायचं. गादीवर सराव करा.

प्रश्न : दुपारी मी आणि माझी आठ वर्षांची नात, दोघीच घरी असतो. माझे गुडघे धड नाहीत, रांगणं मला जमायचं नाही. खिडकीच्या जाळीला कुलूप आहे. आम्ही काय करावं?

आजी, या पत्रांमधलं हे सगळ्यात शहाणं पत्र. दुपारी पडायची तुमची जागा बाहेरच्या दारालगतच्या खोलीत हलवा. जाळीची किल्ली तुमच्या पिशवीत नको, नातीचा हात पोचेल अशा खिळ्यावर, खिडकीजवळ, पण बाहेरून हात घालून काढता येणार नाही इतकी लांब. बाहेर जमायची एक जागा ठरवा, फाटक किंवा समोरचं झाड. अग्निशमन दलाचा क्रमांक आणि घराचा पूर्ण पत्ता तिच्याकडून पाठ करून घ्या, कारण मुलं फोनवर ‘आमच्या घरी आग लागली’ एवढंच सांगून फोन ठेवतात. लिफ्ट वापरायची नाही. बाहेर पडताना दार ओढून घ्यायचं, बंद दार धूर बराच वेळ अडवतं.

वाट धुरानं बंद झाली असेल तर रस्त्याकडच्या खोलीत जा, दार लावा, खालची फट कापडानं बुजवा आणि खिडकीतून हाका मारा. कापड ओलं असेल तर उत्तम. जाळीला आतून चटकन उघडणारी कडी बसवता येते का, हे अग्निशमन केंद्रातल्या माणसाला घरी बोलावून दाखवा. गुडघ्यांसाठी काठी कोणती हे डॉक्टर सांगतील.

एक गोष्ट तिला तुमच्याच तोंडून कळायला हवी, आईबाबांनी सांगून ती ऐकायची नाही : आजीसाठी थांबायचं नाही. तिनं आधी बाहेर पडायचं, शेजारचं दार बडवायचं आणि आजी कोणत्या खोलीत आहे ते सांगायचं. ती रडेल, ‘मी नाही जाणार’ म्हणेल. तरी सुट्टी संपायच्या आत दोनदा सराव करून घ्या, त्यातला एक दिवे घालवून.