कसब्याचा एवढुसा गणपती पहिला का?

चिमू,

आजीने पाठवलेला विसर्जनाचा व्हिडिओ बघून तू विचारलंस ना, की पालखीतला छोटासा गणपती सगळ्यात पुढे आणि ते भलेमोठे लायटिंगवाले मागे ताटकळत उभे, हे अनफेअर नाही का? बाबा "परंपरा आहे" म्हणून मोकळा झाला. ते काही उत्तर नव्हे, म्हणून लिहितेय, मोठं होईल, दोन दिवसांत वाच.

कसबा गणपती हे पुण्याचं ग्रामदैवत. जिजाऊ लहान शिवबांना घेऊन पुण्यात आल्या तेव्हा त्यांनी ते देऊळ बांधलं असं सांगतात, शनिवारवाडा वगैरे सगळं त्याच्या कितीतरी नंतरचं. आमच्या लग्नाची पहिली पत्रिका आजोबांनी तिथेच नेऊन ठेवली होती, पुण्यात खूप घरांत असंच करतात. मग मिरवणुकीत पहिला मान त्याचा, मूर्ती केवढी आणि मंडळाकडे पैसे किती हा प्रश्नच येत नाही. दुसरा तांबडी जोगेश्वरीच्या देवळाचा गणपती, जोगेश्वरी ही ग्रामदेवी. या दोघांत पुढे कोण यावरून अगदी सुरुवातीच्या वर्षांतच वाद झाला आणि टिळकांनी तो सोडवला म्हणतात (पुणेकर आणि वाद, आजीला विचार). तिसरा गुरुजी तालीम, म्हणजे कुस्तीची तालीम, तिथला गणपती 1887 पासूनचा, टिळकांनी सार्वजनिक उत्सवाला जोर दिला त्याच्याही आधीचा, आणि तो हिंदू-मुसलमान दोघांनी मिळून सुरू केलेला. चौथा तुळशीबाग, जिथे तू बांगड्यांसाठी रडलीस तीच. आणि पाचवा केसरीवाड्याचा, म्हणजे खुद्द टिळकांचा. ज्यांच्यामुळे हा उत्सव एवढा पसरला त्यांचा गणपती पाचवा! मला हे फार आवडतं.

पण तुझा प्रश्न पुण्यातही विचारतात बरं का. मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून सकाळी मिरवणूक निघते, लक्ष्मी रोडने अलका टॉकीजच्या चौकापर्यंत, आणि हे पाच पुढे सरकेपर्यंत दुपार टळून जाते कारण प्रत्येकापुढे दोन-तीन ढोल-ताशा पथकं आणि बेलबाग चौकात आलं की कुणाला हलवतच नाही, मग मागच्या मंडळांना रात्र होते, काहींना दुसऱ्या दिवशी दुपार. दगडूशेठचा गणपती वर्षानुवर्षं रात्री उशिरा निघायचा, 2023 ला त्यांनी दुपारी चारलाच सामील व्हायचं ठरवलं आणि त्यावर केवढी चर्चा झाली. माझं मत विचारशील तर पहिल्या पाचांचा मान राहू दे, पण चौकात तासन् तास थांबून वाजवणं बंद करा. हे तुझ्या मामासमोर बोलू नकोस, तो पथकात आहे.

आता ढोल. तुला वाटतं सगळे जोरात बडवतात, तसं नाहीये. ढोल कमरेला बांधतात, एका हातात टिपरू म्हणजे काठी, दुसऱ्या हाताने दुसऱ्या बाजूला थापी. ठेका मात्र ताशा ठरवतो, दोन बारीक काड्यांनी तो इतका भरभर वाजतो की काड्या दिसतच नाहीत, आणि शंभर ढोलवाले कान देऊन त्याच्यामागे जातात. ताशा चुकला की सगळं चुकलं. पूर्वी ढोलाची पानं, म्हणजे ज्यावर वाजवतात तो ताणलेला पडदा, चामड्याची असायची, पावसात ओली झाली की सैल पडायची आणि दोऱ्या ओढून ढोल ताणत बसावं लागायचं, आता बरेच जण फायबरची पानं लावतात, टिकतात पण आवाज जरा कोरडा वाटतो मला. शाळा-कॉलेजच्या मुलामुलींनी पथकात वाजवायचं हे वेड लावण्यात ज्ञान प्रबोधिनीचा मोठा वाटा. पावसाळ्यात नदीपात्रात संध्याकाळी प्रॅक्टिस चालते, ऑफिसमधून थेट येतात लोक, फोड येतात, बोटांना चिकटपट्ट्या लावून परत वाजवतात, कुणी पैसे देत नाही त्यांना.

आणि हो, व्हिडिओत मिरवणुकीच्या पुढे रस्त्यावर रांगोळी दिसली का तुला? राष्ट्रीय कला अकादमीची मुलं काढतात. दहा मिनिटांत तिच्यावरून सगळे चालत जातात, त्यांना माहीत असतं, तरी काढतात. यावर तू "व्हाय" म्हणणारच, ते मामाला विचार.

तुला वाजवायचं असेल तर एकदम ढोल मिळणार नाही, तुझ्यापेक्षा जड असतो तो. टोल (धातूची थाळी, ठोकून वाजवतात) किंवा झांज मिळेल. आपल्या इथल्या मंडळाच्या पथकाची शनिवारी प्रॅक्टिस असते, मी विचारते. कानात घालायचे बोळे घेऊन जायचे, यावर नो आर्ग्युमेंट.

आई