सोन्याच्या डबीतला दगड आणि इतर औषधं

जुन्या, विचित्र उपचारांबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या वेळी म्हटलं होतं. पत्रं आली ती माझ्या अंदाजाच्या तिप्पट. त्यातली सहा निवडली आहेत.

प्रश्न : न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवलेला एक गोळा पाहिला. खाली ‘गोवा स्टोन’ असं नाव होतं. आम्ही मूळचे म्हापशाचे, पण घरात कुणीच हे कधी ऐकलेलं नाही. हा काय प्रकार आहे? (न्यू जर्सी)

घरात कुणाला माहीत नसणारच. माल गोव्याचा असला तरी बडं गिऱ्हाईक युरोपातलं होतं.

आधी खऱ्या खड्याबद्दल सांगतो. रानबकऱ्याच्या पोटात न पचलेल्या केसांवर, काड्यांवर थर चढत जातात आणि गुळगुळीत खडा तयार होतो. इराणातले खडे सगळ्यात नामी समजले जात. फारसीत त्याला पादजहर म्हणत, म्हणजे विषापासून राखणारा. युरोपात या शब्दाचं ‘बेझोआर’ झालं. तिथल्या राजेरजवाड्यांना जेवणातून विष घातलं जाण्याची कायमची धास्ती, त्यामुळे खड्याला मागतील ती किंमत मिळायची. अडचण एवढीच की खडा देणं न देणं बकऱ्याच्या हातात.

सतराव्या शतकाच्या मध्यावर गोव्यातल्या जेझुइट पंथाच्या पाद्र्यांनी यावर तोड काढली. गास्पार आंतोनियु या फ्लॉरेन्सहून आलेल्या धर्मबंधूचं नाव या गोळ्याशी जोडलेलं आहे. बेझोआरची पूड, माती, शिंपले, कस्तुरी, अंबर, पोवळं, मोती, माणिक, पाचू असलं काय काय कुटून, डिंक घालून लाडवासारखं वळायचं आणि वर सोन्याचा वर्ख लावायचा. आपण मात्रा सहाणेवर उगाळतो, तसा तो गोळा पाण्यात किंवा चहात थोडासा खरवडून घेत. तापावर, विषावर, छातीच्या धडधडीवर, सगळ्यावर एकच औषध.

आणि गुण? त्याची परीक्षा गोव्याचा गोळा जन्मण्याआधीच होऊन गेली होती. फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याच्याकडे एक बेझोआर आला, तेव्हा त्याने आपला शल्यवैद्य आंब्रोआझ पारे याला विचारलं, सगळ्या विषांवर चालणारा उतारा असतो का? पारे म्हणाला, नसतो. प्रत्येक विषाची चाल वेगळी. मग चांदीची दोन ताटं चोरल्याबद्दल फाशी सुनावलेल्या एका आचाऱ्याला सांगण्यात आलं की विष घे, वर हा खडा घे, वाचलास तर सुटलास. बिचारा आनंदाने तयार झाला. पाऱ्याचा जहाल क्षार त्याला दिला गेला. सुमारे सात तास तळमळून तो मेला. पारेने शव उघडून पाहिलं तर जठर डाग दिल्यासारखं काळं पडलेलं. राजाने खडा आगीत टाकायला लावला.

तरीही बेझोआर खपत राहिला, कारण पळवाट तयार होती : तो खडा नकली असणार! गोव्याचे गोळे या आचाऱ्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी बाजारात आले आणि तेही भरपूर विकले गेले. तुम्ही पाहिलेली ती डबी गोळ्याइतक्याच थाटाची होती ना? औषध महाग असलं की गुण येतो असं वाटायला फार वेळ लागत नाही. माझ्या दवाखान्यात लाल रंगाच्या इंजेक्शनला आजही पांढऱ्यापेक्षा जास्त मान आहे.

प्रश्न : ताप आला की रक्त काढायचे, हे वाचून हसू आलं. पण जळवा तर आपल्याकडे अजूनही लावतात. मग ते बरोबर आणि हे चूक, असं कसं? (कोल्हापूर)

हसू नका. शरीरातले चार रस बिघडले की रोग होतो, असं युरोपातले वैद्य जवळजवळ दोन हजार वर्षं मानत होते; रक्त जास्त झालं तर ते कमी करायचं, हा त्यातून निघालेला सरळ हिशोब. शिवाय परिणाम डोळ्यांसमोर दिसायचा. तापाने फणफणणाऱ्या माणसाचं बरंच रक्त काढलं की तो थंड पडतो, शांत होतो. आज आपण त्याला शॉक म्हणतो, तेव्हा आराम म्हणत.

डिसेंबर १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचा घसा सुजला, श्वास कोंडायला लागला. डॉक्टर पोचायच्या आत त्याने स्वतःच कारभाऱ्याला बोलावून रक्त काढायला लावलं. त्याचा या उपायावर विश्वास होता. दिवसभरात मिळून दोन लिटरांहून जास्त रक्त काढलं गेलं. तिघांतला सगळ्यात तरुण डॉक्टर एलिशा डिक सांगत होता की आता पुरे, श्वासनलिकेला छेद द्या. वडीलधाऱ्यांनी ऐकलं नाही. १४ तारखेच्या रात्री वॉशिंग्टन गेला. घशाच्या त्या आजारात तो नाहीतरी वाचला असता का, यावर डॉक्टर अजून वाद घालतात, पण त्या रक्तस्रावाने मदत केली असं कुणी म्हणत नाही.

हे थांबवायची सुरुवात केली पॅरिसच्या पिएर लुई याने, तीही नुसती मोजदाद करून. न्यूमोनियाचे ७७ रोगी त्याने तपासले. पहिल्या चार दिवसांत रक्त काढलेल्या ४१ जणांपैकी १८ गेले, उशिरा काढलेल्या ३६ पैकी ९. लवकर काढलेल्यांतले जे वाचले त्यांचं दुखणं तीनेक दिवस आधी आटोपलं, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. १८३५ साली हे छापून आलं. त्याच्या दोनच वर्षं आधी फ्रान्सने चार कोटींहून अधिक जळवा आयात केल्या होत्या, यावरून त्याला कुणाशी भांडावं लागलं असेल याची कल्पना करा.

आता तुमच्या जळवा. सुश्रुतसंहितेत त्यांच्यासाठी स्वतंत्र अध्याय आहे. सहा सविष, सहा निर्विष अशा बारा जाती सांगितल्या आहेत. जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. तुटलेलं बोट जोडल्यावर त्यात रक्त साकळून राहिलं तर ते उपसायला प्लास्टिक सर्जन जळू लावतात. अमेरिकेत २००४ पासून त्याला रीतसर मान्यता आहे. नेमकं काम, नेमकी जागा. जळू तीच, पण सांधेदुखीपासून टकलापर्यंत सगळ्यावर ती लावणाऱ्याकडे मी तुम्हाला पाठवणार नाही.

प्रश्न : युरोपातले लोक इजिप्तच्या ममी दळून खात, हे खरं का? (नाशिक)

खरं आहे, आणि घोटाळा भाषांतराचा आहे. इराणात डोंगरातून झिरपणाऱ्या डांबरासारख्या औषधी द्रव्याला मूमिया म्हणत. आपल्या शिलाजिताचं चुलतभावंडच. इजिप्तमधल्या प्रेतांवरही तसाच काळा लेप दिसला आणि शब्द डांबरावरून लेपावर, लेपावरून अख्ख्या प्रेतावर सरकला. मग प्रेतंच विकली जाऊ लागली. जुनी पुरेनात तेव्हा ताजी वाळवून. १५८२ मध्ये याविरुद्ध पुस्तक लिहिलं ते पुन्हा आपल्या पारेनेच.

प्रश्न : बुडालेल्या माणसाला तंबाखूचा धूर देत असत म्हणे. नाकातून? (पेण)

नाही. मागून. अठराव्या शतकात लंडनमध्ये थेम्सच्या काठी त्यासाठी भाते आणि नळ्यांचे संच ठेवलेले असत. ऊब मिळते, आतडी चाळवतात, अशी समजूत. १८११ मध्ये बेंजामिन ब्रोडीने प्राण्यांवर प्रयोग करून तंबाखूचं विष हृदय बंद पाडतं हे दाखवलं. कुणाला सांगायचं असेल तर जेवणानंतर सांगा.

प्रश्न : ऐकून वेडेपणा वाटावा, पण खरोखर लागू पडला, असा एखादा उपाय? (सोलापूर)

मलेरिया! गरमीचा रोग, म्हणजे सिफिलिस, मेंदूपर्यंत पोचला की भ्रम, मग लकवा, मग मरण, उपाय नव्हता. व्हिएन्नाच्या युलियस वाग्नर-याउरेगने १९१७ मध्ये मलेरिया झालेल्या सैनिकाचं रक्त अशा रोग्यांना टोचलं. कडक तापाने त्या रोगाचे जंतू हटत, आणि मलेरियावर क्विनीन हाताशी होतं. काही रोगी मलेरियानेच दगावले, आणि रोग्यांची संमती घेणं तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. तरी बऱ्याच जणांना उतार पडला. १९२७ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पुढे पेनिसिलिन आलं आणि हा उपाय मागे पडला.

प्रश्न : आजीच्या पितळी डबीत गोरोचनाचा खडा सापडला. सासूबाई म्हणतात, बाळाच्या कफावर दोन वेढे उगाळून द्यायचा. बाळ तीन महिन्यांचं आहे. डबीचा फोटो सोबत आहे. (चिपळूण)

देऊ नका. गोरोचन म्हणजे गाईच्या पित्ताशयातला खडा, पहिल्या उत्तरातल्या बेझोआरचा भाऊबंद. तुमचा खडा खरा आहे की कसलं मिश्रण आहे हे पाहून सांगता येत नाही, आणि सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा लागत नाही. घरघर वाढली, बाळ दूध ओढेना किंवा श्वास घेताना बरगड्या आत जाऊ लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. सासूबाईंना माझं नाव सांगा, वाईटपणा माझ्याकडे राहू दे.

डबी मात्र सुरेख आहे. चिंच लावून घासा, झाकणावरची वेल आणखी उठून दिसेल.