किडनी बदलल्यानंतर व्यायामाचा फायदा होतोय की नाही, हे कसं मोजायचं?

वडिलांची किडनी बदलून सात महिने झाले, रोज चालतात, तरी वजन वाढतंय आणि क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा चढला की किडनी मंदावल्याची शंका घेतात) आहे तिथंच आहे, मग चालून उपयोग काय, असं तुम्ही विचारलंय. व्यायामाचा हिशेब क्रिएटिनिनवर मांडणारा एक माणूस आमच्याही घरात आहे, माझा थोरला भाऊ. म्हणून राहवलं नाही.

मला आईची किडनी आहे. डायलिसिस आणि स्टिरॉइडनं मांड्या इतक्या वाळल्या होत्या की ठाणे स्टेशनचा पूल कठडा धरून चढायचो. दीड वर्षानं फिजिओच्या देखरेखीखाली वजनं उचलायला लागलो. तीन महिन्यांत क्रिएटिनिन 1.1 चं 1.3. दादानं घर डोक्यावर घेतलं. "आईनं किडनी पहिलवानकी करायला दिली नाही तुला!" तेही आईसमोर. आई गप्प. दुसऱ्या दिवशी माझे डंबेल्स माळ्यावर.

डॉक्टरांनी सिस्टॅटिन सी करायला सांगितलं, म्हणजे स्नायूंवर फारशी न अवलंबणारी किडनीची रक्ततपासणी, ते नॉर्मल. लघवीत प्रोटीन नाही, टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाची, रक्तातली पातळी ठीक. अहो, क्रिएटिनिन तयारच स्नायूंतून होतं. अंगात मांस भरलं किंवा आदल्या दिवशी दणकून व्यायाम झाला, तर आकडा थोडा चढतो. दादाला हे अजून पटलेलं नाही.

मोजायचं ते सहा मिनिटांत किती अंतर चालून होतं हे. नियमानं 30 मीटरची सरळ जागा लागते, आमची गच्ची 15 ची. तीच धरली. आई टाकीपाशी वाटी घेऊन बसायची, गच्चीचं एक टोक गाठलं की वाटीत एक हरभरा. पहिल्या दिवशी 22 हरभरे, दहा आठवड्यांनी 27, म्हणजे 330 मीटरचे 405. दादा म्हणाला, सवयीनं वाढले. ते अर्धं खरंय, म्हणून सुरुवातीलाच दोनदा चालवा आणि मोठा आकडा धरा. जागा मात्र बदलू नका. वळणं वाढली की अंतर घटतं. शिवाय हात छातीशी बांधून 30 सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजा. मास्क लावून व्यायामात शरीर किती ऑक्सिजन वापरतं ते मोजतात, ती तपासणी जास्त अचूक, पण ती दर दोन महिन्यांनी कोण करणार? वजनकाट्याचं मनावर घेऊ नका, स्टिरॉइड चालू असताना भूकही वाढते आणि अंगात पाणीही धरतं.

हे किडनीवाल्यांचं झालं. हृदय बदललेल्यांनी नाडीवर जाऊ नये. नव्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात, ठोके उशिरा चढतात, उशिरा उतरतात. तिथं दम किती लागला हेच विचारतात.

आणि हो, वडिलांचं क्रिएटिनिन वाढलंच तर "व्यायामानं असेल" असं घरच्या घरी ठरवू नका. रिजेक्शनसुद्धा, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारणं, असंच गुपचूप सुरू होतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मी केला होता. दादानंही केला, पण मावशीला.