पासपोर्टवरचा 'लेट'

प्रश्न : भारतीय पासपोर्टमध्ये राष्ट्रपतींच्या नावाने छापलेल्या विनंतीत धारकाला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' जाऊ द्यावे, असे म्हटलेले असते. 'लेट' म्हणजे होऊ देणे, असे आम्ही शाळेत शिकलो. मग येथे अर्थ उलटा होत नाही का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : शाळेत शिकलेला अर्थ बरोबरच आहे, पासपोर्टवरचा 'लेट' मात्र मुळातच निराळा शब्द आहे. जुन्या इंग्रजीत 'लॅटन' आणि 'लेट्टन' अशी दोन क्रियापदे होती. पहिल्याचा अर्थ सोडणे, होऊ देणे. घरांवरच्या 'टु लेट' या पाटीतला शब्द तोच. दुसऱ्याचा अर्थ अडवणे, खोळंबा करणे. हे दुसरे क्रियापद 'मंद' या अर्थाच्या विशेषणापासून बनले, आणि गाडी लेट आहे असे म्हणताना आपण जो शब्द वापरतो, तोही त्याच विशेषणातून आलेला आहे. पुढे उच्चार बदलत जाऊन दोन्ही क्रियापदांचे रूप एकच झाले, आणि करू देणे व करू न देणे हे दोन्ही अर्थ त्या एका रूपाला चिकटले.

शेक्सपिअरच्या काळी दुसरा अर्थ चांगलाच प्रचारात होता. पित्याच्या भुतामागे निघालेल्या हॅम्लेटला सोबती धरून ठेवतात, तेव्हा मला जो 'लेट' करील त्याचेच भूत करीन, असे तो बजावतो. तेथे 'जाऊ देईल' असा अर्थ घेतला, तर त्याच्या संतापाला काही कारणच उरत नाही. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये, थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, हेच क्रियापद 'अडवून धरणे' या अर्थाने आले आहे. 1881 च्या सुधारित आवृत्तीत त्याजागी 'रिस्ट्रेन' घातले गेले, ते योग्यच झाले, कारण तोवर सामान्य वाचक त्याचा नेमका विरुद्ध अर्थ लावण्याची शक्यता होती.

कायद्याच्या भाषेत मात्र तो टिकला, कारण आपल्या 'कागदपत्रां'प्रमाणे तेथेही समानार्थी शब्दांची जोडी जमली होती आणि शेजारच्या 'हिंड्रन्स'मुळे अर्थ सांभाळला गेला. तेव्हा पासपोर्टवरील शब्दांचा अर्थ 'कोणतीही आडकाठी न करता' असाच घ्यावा. टेनिसमधला 'लेट' हा 'नेट'चा अपभ्रंश आहे, असा एक समज आढळतो, पण तो पटण्यासारखा नाही. स्क्वॉशमध्ये तर जाळी नसतेच. तरीही प्रतिस्पर्धी वाटेत आल्यामुळे चेंडूपर्यंत पोहोचता आले नाही, की खेळाडू पंचांकडे 'लेट' मागतो आणि तो मान्य झाल्यास ती रॅली पुन्हा खेळवली जाते.