सात वर्षांची लेक आणि तिचे मोठे प्रश्न

ताई, सात वर्षांची लेक वयाच्या मानाने खूप हुशार आहे, तिच्यासाठी काय करू, असं तुम्ही विचारलंत. वर्गाच्या चाचणीत पैकीच्या पैकी मिळाले, तर लेकीची झेप कुठवर आहे ते कळतच नाही. वरच्या इयत्तेची चाचणी देऊन बघा. ज्युलियन स्टॅनली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये तिथल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सातवी-आठवीच्या मुलांची कॉलेजप्रवेशाची गणिताची परीक्षा घेतली होती, ती याच कारणासाठी.

मग शाळेला सांगा, फक्त गणिताला पुढच्या वर्गात बसू द्या. जादा गृहपाठ नको म्हणावं, अगदी ठामपणे! माझ्या मुलाला दोन वर्षं तोच मिळाला आणि त्याचं आवडीचं वाचन सुटलं, अजून जीव हळहळतो.

आणि हो, डोकं चौदाचं असलं तरी रडू सातचंच असतं. तेव्हा समजावत बसू नका, जवळ घ्या. तिच्या आवडीचा एखादा सोबती शोधा, वय कितीही असो.