शेवटच्या बाकावरचे गुरुजी

"ताई, एकच विचारायचंय. क्षमाच होणार नाही असं पाप माझ्या हातून घडलंय का?"

खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी हे विचारलं. साठीच्या आसपासचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, नगर जिल्ह्यातले, मराठी ख्रिस्ती घरातले. ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदललेत. आपण त्यांना गुरुजीच म्हणू. मी समुपदेशन करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे नवा नाही. तरुण पोरं विचारतात, आज्या विचारतात, एकदा एका पाळकांनीही विचारला होता.

गुरुजी दर रविवारी उपासनेला जायचे, पण शेवटच्या बाकावर बसायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीची, तयारी सुरू झाली की उठून बाहेर. बायकोला सांगून ठेवलं होतं, गुडघे आखडतात. असं अकरा वर्षं चाललं होतं. प्रार्थना छताला आपटून खाली पडते, म्हणाले.

मी आधी झोपेचं विचारलं. पहाटे तीनला जाग, भूक नाही, कशात मन नाही. त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. देवाचं मौन आणि नैराश्य आतून पुष्कळदा सारखंच भासतं, आणि औषधाच्या जागी वचन देऊन माणसाला ताटकळत ठेवणं मला पटत नाही. गोळ्यांनी झोप आली. प्रश्न तसाच राहिला.

मग आम्ही बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढला. येशू भुतं काढतो ते भुतांच्या अधिपतीच्या जोरावर, असं यरुशलेमहून आलेले शास्त्री म्हणत होते. समोर चांगलं घडताना दिसत असून त्याला सैतानाचं काम म्हणायचं, आणि तेही ठरवून. पवित्र आत्म्याची निंदा करणाऱ्याला क्षमा नाही, हा इशारा त्यांना आहे. तिसाव्या वचनात कारणही दिलंय. इशाऱ्याच्या आधीच्या ओळीत मात्र माणसांच्या सगळ्या पापांची क्षमा होईल असं म्हटलंय, आणि घाबरलेला माणूस नेमकी तीच ओळ वगळून वाचतो. "ज्याचं मन इतकं निबर झालंय त्याला ही भीती वाटतच नाही, गुरुजी. तुम्ही तर अकरा वर्षं तिच्यासोबत जगताय."

त्यांनी मान डोलावली. चेहरा मात्र होता तसाच. बरोबर उत्तर मिळूनही माणूस हलका होत नसेल, तर विचारलेला प्रश्न खरा नसतो, हे मी इतक्या वर्षांत शिकले आहे.

पुढच्या वेळी मी विचारलं, प्रभुभोजनाची भीती कशाची? म्हणाले, करिंथकरांचं पहिलं पत्र, अकरावा अध्याय. अयोग्य रीतीने खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो. म्हटलं, विसाव्या वचनापासून मोठ्याने वाचा. शिक्षकाचा आवाज, खणखणीत. करिंथात खाऊनपिऊन सुखी असलेले आधीच जेवून घेत, गरीब उपाशी राहत. पत्र लिहिणारा पौल रागावलाय तो यावर. बाविसाव्या वचनात, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, अशा अर्थाच्या शब्दांपाशी गुरुजी थांबले. पुढे वाचवेना.

धाकटी बहीण. विधवा, शिवणकाम करून पोरं वाढवलेली. वडील गेल्यावर गुरुजींनी तिला दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं आणि पीककर्जाचे कागद म्हणून हक्कसोडपत्रावर सही घेतली. दादाने पुढे केलेला कागद तिने वाचलासुद्धा नाही. ख्रिस्ती वारसांना लागू होणाऱ्या 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. वाटा बरोबरीचा, तिच्या हिश्शाला दोन एकर येत होती. पुढे सातबारा पाहिल्यावर तिला कळलं. ती कोर्टात गेली नाही, भांडली नाही. फक्त यायची बंद झाली.

"भांडली असती तर बरं झालं असतं," गुरुजी म्हणाले.

मधल्या काळात त्यांनी चर्चला सहा पंखे दिले होते, फरशी करून दिली होती. नाव घालू दिलं नाही. (आपल्या चर्चमधून असे किती निनावी पंखे फिरत असतील, देव जाणे.) आणि यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा एकोणसाठावा अध्याय त्यांना तोंडपाठ होता: पापामुळे माणूस आणि देव यांच्यात अंतर पडतं.

"अंतर पडलं, खरंय. पण एदेन बागेत लपलं कोण? आदाम झाडांत शिरला. तू कुठे आहेस, अशी हाक देवाने मारली. पहिला रविवार आला की तुम्ही मोटरसायकलीकडे जाता, गुरुजी. हाक मारणारा जागचा हललेला नाही."

ते बराच वेळ गप्प बसले. मग एकदम, थोडं चलाखीनेच: "येशूने स्वतःचा प्राण देऊन पापाची खंडणी भरलीय ना पुष्कळांसाठी? मग जमीन परत द्यायचं काय राहिलं?"

मला हसू आलं, रागही आला. "खंडणी भरलीय. तुमच्या सहा पंख्यांची तिथे गरज नव्हती. पण दोन एकर देवाची नाहीत, बहिणीची आहेत." लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाची गोष्ट त्यांनी वर्गात शंभरदा सांगितली असेल. येशू आधी त्याच्या घरी गेला. चौपट परत करण्याची भाषा जक्कयाने नंतर केली. घरी येण्याची अट म्हणून ती फेड नव्हती. पण आलेल्या पाहुण्यासमोर लुबाडलेला पैसा घरात ठेवणं त्याला जमेना.

प्रभुभोजन जमिनीचा दस्त होईपर्यंत लांबवा, असं मी सांगितलं नाही. पण वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन मला टाळता येईना. "आधी तिच्यासमोर बोला. कागद सावकाश होतील."

महिन्याभराने आले ते हिशेबाची वही घेऊन. कारखान्याची ऊसबिलं लावून तिच्या हिश्शाचं उत्पन्न काढलेलं, वर पाचवा हिस्सा. बायबलमधल्या लेवीयच्या पुस्तकात, सहाव्या अध्यायात तसंच आहे, म्हणाले. बोलले होते तिच्याशी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "आईच्या मातीला मी परक्यासारखी मागे बसले होते, दादा." यावर गुरुजींकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नव्हतं.

पुढच्या पहिल्या रविवारी ते बाहेर गेले नाहीत. भाकर घेतली, चव लागली नाही, हात थरथरत होता, म्हणाले. दस्त झाला तो त्यानंतर बऱ्याच दिवसांनी.

"क्षमा केली का तिने?" मी विचारलं.

"विचारलं नाही. कचेरीबाहेर चहा सांगितला, तो घेतला नाही. पण निघताना म्हणाली, स्टँडवर सोड." ते वहीचा कोपरा दुमडत राहिले. "गाडीवर मागे बसली, ताई. खड्डा आला तेव्हा खांद्याला धरलं."